दोरमावशीचा चष्मा

बूट भाड्याने देणाऱ्याला कुणी मत विचारत नाही. चढाईच्या हॉलमध्ये माझं काउंटर दारातच आहे. येणारा माणूस आपले बूट माझ्या हवाली करतो, मी त्याला बोटं चुरगळून टाकणारे चढाईचे घट्ट बूट देतो, तो कुरकुरत आत जातो, आणि दोन तासांनी परत येतो तेव्हा त्या बुटांना जो वास येतो त्याबद्दल इथे न लिहिलेलंच बरं. अठरा वर्षं हे चाललंय. मत कुणी विचारत नसलं तरी मी ते देतो, हा माझा स्वभाव आहे, आणि त्यापायी मी लोकांची बोलणीही पोटभर खाल्ली आहेत. पण एकदा, खरोखर तोंड उघडायला हवं होतं तेव्हा, मी मूग गिळून बसलो. त्याबद्दल आता सांगतो.

आमच्या हॉलमध्ये एक बाई होती. सगळे तिला दोरमावशी म्हणायचे. मीही म्हणायचो, ती माझ्याहून दोनच वर्षांनी मोठी असूनसुद्धा. ती मला बूटमास्तर म्हणायची, त्यामुळे फिट्टंफाट. बावीस वर्षांपूर्वी ती इथे फरशी पुसायच्या कामाला लागली. एक दिवस कुणाचा तरी जोडीदार आला नाही आणि त्याने सहज विचारलं, "मावशी, जरा दोर धरता का?" तिने बादली बाजूला ठेवली, हात पुसले आणि दोर धरला. पुढे तिने तो सोडलाच नाही. फरशी पुसायला दुसरी बाई ठेवावी लागली.

दोर धरणं म्हणजे काय, हे ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्याकडे पंधरा मीटर उंचीच्या भिंती आहेत आणि त्यांवर हातापायांना आधार म्हणून रंगीत पकडी ठोकलेल्या आहेत. एका रंगाच्या पकडी म्हणजे एक वाट. चढणाऱ्याच्या कमरेला दोर बांधलेला असतो आणि तो दोर खाली उभ्या असलेल्या माणसाच्या कमरेच्या यंत्रातून जातो. वरचा चढताना भिंतीवरच्या लोखंडी कड्यांमध्ये दोर अडकवत जातो, खालचा त्याला ढील देत जातो. वरचा पडला, तर खालच्याने उजव्या हाताने दोर खाली ओढून धरायचा. याला बिले देणं म्हणतात. काहीही होवो, उजवा हात दोरावरून काढायचा नाही, एवढा एकच नियम आमच्याकडे देवासारखा पाळला जातो. आपोआप अडकणारी महागडी यंत्रं निघाली आहेत, पण त्यांनाही तो हात लागतोच. वरच्याला टाळ्या मिळतात आणि खालच्याला मानदुखी मिळते, कारण पूर्ण वेळ मान वर करून उभं राहायचं असतं.

मावशी स्वतः पहिल्या कडीपर्यंतसुद्धा कधी चढली नाही. "माझे पाय जमिनीवरच बरे," म्हणायची. पण तिच्या हातात दोर असला की चढणारे बिनघोर पडायचे. पडणं ही चढाईत वाईट गोष्ट नाही. जो पडत नाही तो पूर्ण जोर लावत नाही, असं आमचे मुख्य प्रशिक्षक दर आठवड्याला ओरडून सांगतात. पडायचं असेल तर मावशीच्या दोरावर पडा, असं पोरं एकमेकांना सांगायची.

मावशीची एकुलती एक मुलगी याच हॉलमध्ये लहानाची मोठी झाली. आम्ही तिला खार म्हणायचो. चालायला लागायच्या आधी ती चढायला लागली, असं मी गमतीने सांगत असे आणि ऐकणाऱ्याला ते खरं वाटत असे. बाप लवकर गेला होता. घरात दोन खोल्या, दोन माणसं आणि दाराच्या चौकटीवर ठोकलेली एक लाकडी पट्टी, तिला लटकून खार बोटं मजबूत करायची. मावशी स्वयंपाक करता करता मोठ्याने आकडे मोजायची आणि मधेच मुद्दाम चुकवायची, म्हणजे पोरीला आणखी थोडा वेळ लटकावं लागे.

तीन वर्षांपूर्वी मावशी तापाने घरी होती. खारीचा दोर दुसऱ्याने धरला. तो चांगला तगडा माणूस होता, नवशिका नव्हता. पण तो शेजारच्याला काहीतरी मजेशीर किस्सा सांगत होता आणि खार चौथ्या कडीवरून पडली तेव्हा त्याचा किस्सा संपायचा होता. टाचेच्या हाडाचे दोन तुकडे झाले. आठ महिन्यांनी ती परत आली, पण त्यानंतर आई सोडून कुणाच्याही दोरावर ती चढली नाही. लोकांनी समजावलं, चिडवलं, प्रशिक्षक तर एकदा भयंकर तापले. खारीने शांतपणे बूट काढून माझ्या काउंटरवर ठेवले आणि घरी निघून गेली. पुन्हा कुणी विषय काढला नाही.

आणि मग मावशीची मान गेली.

बावीस वर्षं वर बघून बघून मानेतले दोन मणके जवळ आले होते आणि त्यांच्यामध्ये उजव्या हाताकडे जाणारी नस चिमटली जात होती. डॉक्टरांनी फोटो उजेडावर धरून तिला दाखवला. म्हणाले, "वर बघणं एकदम बंद." मावशीने विचारलं, "आणि हात?" तेव्हा ते म्हणाले, "मान सरळ राहिली तर हात सुधारेल, कदाचित." हे तिने मला काउंटरपाशी येऊन सांगितलं, कारण तिला जाकिटाची चेन लावता येत नव्हती आणि दुसऱ्या कुणाला सांगायची तिची तयारी नव्हती. मी चेन लावून दिली. तिची बोटं त्या चेनशी नुसती खेळत होती, त्यांना चेनचा पत्ताच लागत नव्हता.

"मुलीला सांगितलंस?" मी विचारलं.

"मान अवघडते एवढंच सांगितलंय. तुमच्या तोंडून काही बाहेर गेलं ना बूटमास्तर, तर तुमचं माझं संपलं."

"अगं पण..."

"पण नाही नि बिण नाही. निवड होऊ दे. मग मीच सांगते."

निवड चाचणी महिन्यावर आली होती. देशाच्या संघात चार मुली घेणार होते आणि वयाची अट होती सव्वीस. खारीला सव्विसावं चालू होतं. म्हणजे ही वेळ गेली की संपलं. नियमाप्रमाणे प्रत्येकीने दोर धरणारा आपला आपण आणायचा, आणि त्या माणसाची प्रशिक्षकांनी आधी परीक्षा घ्यायची. खार आईशिवाय चढणार नव्हती. आईला वर बघायची बंदी होती. वर न बघता दोर धरला तर ती परीक्षेतच बाद. मावशीचा जीव कसा टांगणीला लागला होता, ते मी रोज बघत होतो. ती खायची नाही. दिवसातून चार वेळा एक रबरी चेंडू दाबायची आणि दाबून झाल्यावर त्याच्याकडे असं बघायची की त्या चेंडूनेच काहीतरी गुन्हा केलाय.

बिलेचा चष्मा ही गोष्ट मला माहीत होती. एक हौशी जोडपं तो घालून यायचं आणि आम्ही पाठीमागे हसायचो. त्यात साध्या काचेऐवजी जाड तिरकस लोलक असतात. आपण समोर बघायचं आणि आपल्याला दिसतं ते डोक्यावरचं. मान सरळच्या सरळ. मी सामान विकायला येणाऱ्या विक्रेत्याच्या मागे लागलो, आणि त्याने चार चष्मे आठ दिवसांसाठी वापरून बघायला दिले. त्या दिवशी मला स्वतःचा फार अभिमान वाटला होता. आता आठवलं की लाज वाटते.

सकाळी हॉल उघडायच्या आधी आम्ही ते चार चष्मे काउंटरवर मांडले. एकाचा लोलक वाटेतच तडकला होता, म्हणजे राहिले तीन. दोर बदलायला भिंतीच्या माथ्यावर एक अरुंद गॅलरी आहे, मी तिथे जाऊन उभा राहिलो. अठरा वर्षांत मी तिसऱ्यांदा तिथे चढलो असेन आणि कठडा काही सोडला नाही. एका हाताने कठडा, दुसऱ्या हाताने बोटं दाखवायची, आणि खालून मावशीने किती ते सांगायचं, अशी आमची परीक्षा होती.

पहिला चष्मा प्लॅस्टिकचा, हलका, कानावर आहे की नाही कळू नये इतका. "किती?" मी ओरडलो.

"मला तुमचं पोट दिसतंय," ती खालून म्हणाली. "पुष्कळ आहे."

त्यातून दिसायचं म्हणजे एवढंसं, भोकातून बघितल्यासारखं. चढणारा दोन हात बाजूला सरकला की गायब, मग त्याला शोधायला मान फिरवायची, म्हणजे मुळावरच घाव. तो बाद झाला.

दुसरा बारीक तारेच्या फ्रेमचा. लोलक मोठे, चित्र स्वच्छ, आणि खालून व बाजूने पूर्ण उघडा. नजर जरा खाली टाकली की आपलं यंत्र, आपला हात, दोर, सगळं दिसतं. प्रशिक्षकांनीही येता येता तो घालून बघितला आणि म्हणाले, "हाच घ्या. दोर धरणाऱ्याला दोन गोष्टी दिसायला हव्यात, वरचा माणूस आणि आपला हात." ते बरोबर होते. माझंही मत तेच होतं आणि मी ते दिलं.

मावशीने तो घातला, माझी बोटं बरोबर सांगितली, मग नजर खाली टाकली. तिने बराच वेळ तशीच खाली नजर ठेवली. मी वरून विचारलं, "काय झालं?" चष्मा काढून तिने काउंटरवर उलटा ठेवला.

तिसरा काळा, जाडजूड. उघड्या डोंगरकड्यांवर उन्हात चढणाऱ्यांसाठी असतो तो, बाजूने आणि खालून झडपा लावलेल्या, म्हणजे डोळ्यांवर ऊन येत नाही. त्यातून फक्त वरचं दिसतं, पण ते मात्र इतकं जवळ आणि लख्ख की माझ्या शर्टाचं तुटलेलं बटण तिने खालून सांगितलं. स्वतःचं काहीच दिसत नाही. छतावर दिवे असलेल्या आमच्या हॉलमध्ये त्या झडपांचा काडीचा उपयोग नव्हता.

"हा," ती म्हणाली.

"अगं, यातून हात दिसत नाही!"

"हात बघायला कशाला हवा? बावीस वर्षं कुठे बघत होते? हात आहे जागेवर." तिचा आवाज चढला होता. "यातून माझी पोर जवळ दिसेल. वर्षभर मी तिचा चेहरा नीट बघितला नाहीये, बूटमास्तर. मान दुखते म्हणून नुसत्या दोराच्या अंदाजावर धरत होते."

हे ऐकल्यावर मी विरघळलो. आईचं मन वगैरे काय काय माझ्या डोक्यात आलं. मी खाली उतरून म्हणालो, "बरं, तुला पटतोय ना, मग हाच." तिने तो काळा चष्मा का निवडला हे मला तेव्हा कळलं नाही. तारेच्या चष्म्यातून तिला स्वतःचा हात दिसला होता, आणि तो बघून तिचा धीर सुटत होता. जो चष्मा तिला तिच्या हातापासून लपवेल तोच तिला हवा होता. अठरा वर्षं लोकांच्या पायांची मापं घेणाऱ्या माणसाला एवढंही मोजता आलं नाही.

आठ दिवसांत मान बरीच सैल झाली. ती सरळ उभी राहायची, समोरच्या भिंतीकडे बघत, आणि वर खार चढायची. सरावात खार कडी अडकवताना खाली बघायची आणि किंचित हसायची. "माझ्या या ध्यानाला हसतेय कारटी," मावशी म्हणायची आणि स्वतःही हसायची. वर्षभरात मी तिला अशी हसताना बघितलं नव्हतं. खार सरावात एकदाही पडली नाही. मी ज्याला त्याला ते कौतुकाने सांगत सुटलो.

परीक्षा निवडीच्या तीन दिवस आधी झाली. प्रशिक्षकांनी साठ किलोची वाळूची गोण दोराला बांधून वर नेली आणि न सांगता सोडली. मावशीने ती धरली. उजवा हात तिने मांडीच्या मागे नेऊन दोर कुल्ल्याशी दाबून ठेवला होता, सगळा भार तिथे घेतला, दोन पावलं ओढली गेली, पण गोण थांबली. प्रशिक्षकांनी कागदावर सही केली. टाळ्या पडल्या. मी सगळ्यात जोरात वाजवल्या.

मग ती काउंटरपाशी पाणी प्यायला आली आणि ग्लास घेण्यासाठी तिने हात पुढे केला. तळव्यावर दोर घासून आडवं भाजलं होतं. कातडं सोलून गुंडाळी झाली होती आणि रक्त मनगटापर्यंत आलं होतं. ती पाणी मागत होती. तिला काहीच कळलं नव्हतं.

"मावशी, हात," मी म्हणालो.

तिने हात बघितला. मग माझ्याकडे बघितलं. तिच्या चेहऱ्यावर दुखण्याचं चिन्ह नव्हतं, भीती होती. मी आयुष्यात कुणाला इतकं घाबरलेलं बघितलं नाही.

"तीन दिवस," ती म्हणाली. "फक्त तीन दिवस, हो. मी पाया पडते तुमच्या."

प्रशिक्षक दहा पावलांवर उभे होते. त्यांना हाक मारायला मला अर्धा श्वास पुरला असता. मी खणातून मलम काढलं, पट्टी काढली, आणि तिचा हात बांधून दिला. बोटांना पट्टी बांधलेली आमच्याकडे कुणाला नवीन नसते, त्यामुळे कुणी विचारलं नाही. त्या तीन रात्री मला झोप लागली नाही. दर सकाळी मी ठरवून यायचो की आज सांगायचं, आणि दर सकाळी ती दारात त्या काळ्या चष्म्याची पेटी छातीशी धरून उभी असायची.

निवडीच्या दिवशी हॉल भरला होता. एक वाट, सहा मिनिटं, एकच संधी. चौदा कड्या होत्या. दोर कुणाच्या पायाखाली येऊ नये म्हणून धरणाऱ्याच्या मागे एक माणूस उभा करतात, तो मी होतो. खारीने गाठ बांधली, मावशीने गाठ तपासली, खारीने मावशीचं यंत्र तपासलं. मावशीने चष्मा चढवला. शिट्टी वाजली.

खार सुंदर चढली. तिच्या आधीच्या पाचजणी सातव्या-आठव्या कडीवर पडून गेल्या होत्या, ती अकराव्या कडीपर्यंत दम न घेता गेली. तिथून पुढची निळी पकड डावीकडे लांब होती. दोन्ही हात सोडून उडी मारायची आणि हवेत ती पकडायची. जमली तर जमली. नाही तर पडायचं, म्हणजे खाली तीन-चार मीटर, आणि मग दोर आणि दोरामागचा हात. बाराव्या कडीला दोर लागला की संघात जागा पक्की, हे सगळ्या हॉलला कळत होतं.

खार उडी घ्यायला वाकली आणि थांबली. पुन्हा वाकली, पुन्हा थांबली. लोक ओरडायला लागले, "मार! मार उडी!"

"खाली का बघतेय ही?" मावशी पुटपुटली. तिचा चेहरा समोर भिंतीकडे होता, आणि त्या काळ्या चष्म्यातून तिला पोरीचा चेहरा हाताच्या अंतरावर दिसत होता. "वर बघ ना गं... बाळा, मी आहे! मार!"

खारीने पुन्हा खाली बघितलं.

"माझ्याकडे नाही बघत," मावशी म्हणाली. आता ती माझ्याशी बोलत होती, का स्वतःशी, कुणास ठाऊक. "बूटमास्तर, ती माझ्या हाताकडे बघतेय."

घड्याळात दीड मिनिट उरलं होतं. खारीने डावा हात लांब केला, पण निळ्या पकडीकडे नाही. तिने शेजारच्या वाटेवरची पिवळी पकड धरली, नवशिक्यांसाठी असते तसली मोठी, बादलीसारखी. दुसऱ्या वाटेला हात लागला की बाद, आधी चढलेलं काही धरत नाहीत. पंचाने शिट्टी मारली. काय झालं ते कुणाला कळेना. आणि मग खार त्या पिवळ्या पकडींवरून खाली उतरायला लागली. बाद झालेला माणूस दोरावर बसतो आणि खालचा त्याला अलगद खाली सोडतो. चाचणीत कुणी हातापायांनी उतरताना मी कधी बघितलेलं नाही. ती एक पाय, एक हात, शिडी उतरावी तशी उतरत होती. दोरावर तिने स्वतःचं एक किलोसुद्धा वजन टाकलं नाही.

तेव्हा मी मावशीच्या उजव्या हाताकडे बघितलं. तिला वाटत होतं मूठ आवळलेली आहे. बोटं उघडी होती. दोर नुसता त्यांच्यावर पडून होता. मी नियम मोडून मागून दोराचं शेपूट दोन्ही हातांनी धरलं आणि खार जमिनीवर येईपर्यंत धरून ठेवलं. यात बहादुरी काही नाही, हे मी तीन दिवस आधी करायला हवं होतं.

खार जमिनीला लागली. मावशीने चष्मा काढला आणि कुठे ठेवायचा ते न सुचून तसाच खाली टाकला.

"कधीपासून माहीत आहे तुला?"

"वर्ष झालं."

"कुणी सांगितलं?" तिने माझ्याकडे बघितलं. मी नाही म्हणून मान हलवली.

"कुणी कशाला सांगायला हवं?" खार म्हणाली. ती धापा टाकत होती. "तू गाठ तपासायचीस तेव्हा दोन बोटांत धरून ओढून बघायचीस. वर्षभर तू ती नुसती तळव्याने दाबतेस."

"मग वर्षभर चढलीस कशाला माझ्या दोरावर?"

"पडायचंच नाही असं चढत होते."

"आज पडली असतीस तरी मी धरलं असतं," ती म्हणाली. "गोण धरली होती मी. विचार यांना."

"कदाचित धरलं असतंस."

"मग मारायची होतीस ना उडी! सगळं गेलं तुझं! माझ्यापायी सगळं गेलं! दुसऱ्या कुणालाही दे म्हणाली असतीस दोर, मी दिला असता!"

"दिला असतास, आणि घरी बसून राहिली असतीस," खार म्हणाली. "आई, मला लागलं असतं तर टाच जुळली तशी आणखी काही जुळलं असतं. पण तुझ्या हातून मी पडले असते, तर तुझं काय झालं असतं?"

पंच ओरडले, भिंत मोकळी करा, पुढची मुलगी थांबली आहे. मावशी जागची हलली नाही. ती खारीच्या कमरेशी वाकली आणि दोराची गाठ सोडायला लागली. उजव्या हाताची बोटं गाठीवर चढत होती आणि घसरत होती. तिने डावा हात लावला, पुन्हा उजवा लावला. ती आता मोठ्याने रडत होती. गाठ खारीला दोन सेकंदांत सोडता आली असती. तिने दोन्ही हात बाजूला धरले आणि आईचं होईपर्यंत तशीच उभी राहिली.

पंच पुन्हा ओरडले. मी त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिलो आणि म्हणालो, थांबा जरा. ते म्हणाले, का? मी सांगितलं, अजून गाठ सुटायची आहे.